खाटेवरचे टोनर

परबकाकांच्या खोलीत एक लोखंडी खाट होती. खाटेवर कापसाची गादी होती. गादीवर पांढरी चादर पांघरून प्रिंटरचे टोनर झोपत असत, आणि परबकाका स्वतः जमिनीवर, चटईवर.

"झोपत असत" हे माझं वर्णन नव्हे, त्यांचाच शब्द आहे. दारात उभं राहून जरा मोठ्याने काही विचारलं की आतल्या काळोखातून आवाज यायचा, "हळू बोल गो बाय. झोपलेत."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. टोनर म्हणजे लेझर प्रिंटरमध्ये बसतो तो काळ्या पावडरीचा लांबट डबा. कंपनी तो काळ्या पिशवीत सील करून देते. असे डबे उशीपासून पायथ्यापर्यंत एकापुढे एक आडवे ठेवा, वर चादर घाला आणि घोडपदेवच्या जुन्या चाळीतल्या तळमजल्याच्या मागच्या खोलीत, जिच्या खिडकीला काळा कागद चिकटवलाय, भर दुपारी डोकावून पाहा. माणूसच दिसतो. डोकं दिसतं, खांदा दिसतो, गुडघ्याशी चादर जरा उचललेली दिसते. पंख्याच्या वाऱ्याने चादर हलली की छातीही वरखाली होते. चाळीतली पोरं चेंडू त्या खोलीत गेला की नवा चेंडू आणत.

पुनर्विकासासाठी खोल्या मोजायला बिल्डरचा माणूस आला होता. हातात टेप, तोंडात गुटखा, आवाज सगळ्या मजल्यांवर पोचेल असा. परबकाकांच्या दारात आला आणि एकदम गप्प झाला.

"कोणी सीरियस आहे का?" त्याने मला हळूच विचारलं.

आतून काकांनीच उत्तर दिलं, "नाही, तब्येत बरी आहे. तारीख उलटलीय फक्त."

त्या माणसाने अख्खी खोली चवड्यांवर चालत मोजली. जाताना दारात चपला घालण्याआधी त्याने खाटेला हात जोडले. मी त्याला खरं सांगितलं नाही. बिल्डरची माणसं आपल्या घरात जितकी घाबरतील तितकी बरी, असं माझं तेव्हाही मत होतं, आताही आहे.

परबकाका फोर्टातल्या एका मोठ्या ऑफिसात स्टोअरकीपर होते. ते निवृत्त व्हायच्या सुमारास ऑफिसने सगळे प्रिंटर बदलले. नव्या मशीनला जुने टोनर बसेनात. कोरे, सीलबंद टोनर भंगारात निघाले. काकांनी रीतसर अर्ज करून ते मागून घेतले आणि टॅक्सीने घरी आणले. टॅक्सीवाल्याला सगळ्या रस्त्याभर सांगत होते म्हणे, "भाऊ, खड्डा जरा बघून. आत पावडर आहे, एका कडेला बसते."

ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी पेटून उठले होते. "बघा काका, हीच यांची पद्धत! मशीन बदलली की चांगला टोनर भंगारात, गिरणी बंद केली की चांगला माणूस भंगारात. कोणाची मुदत संपली हे ठरवणारे हे कोण?"

"कंपनी," काका म्हणाले. "खोक्यावर छापलेलं असतं. दोन वर्षं."

"पण तुम्ही ते मानत नाही!"

"मानतो ना. पण ती तारीख निष्काळजी माणसांसाठी आहे. नीट सांभाळला तर टोनर एवढ्यात जात नाही."

नीट सांभाळणं म्हणजे काय, हे त्यांना कोणी विचारू नये आणि विचारलं तर घाईत असू नये. टोनर आडवा ठेवायचा, उभा कधीच नाही, पावडर खाली बसून दगड होते. ऊन नको. दमट हवा नको. देव्हाऱ्याच्या दिव्याजवळ नको, गॅसजवळ नको. पिशवी आधीच फोडायची नाही. एकदा हवा लागली की सहा महिने. आतल्या ड्रमला उजेड दाखवायचा नाही, त्याच्यावर डाग पडतो आणि मग प्रत्येक पानावर तो डाग उमटत राहतो. थंड जागेतून आणला तर लगेच मशीनमध्ये घालायचा नाही, त्याला खोलीची सवय होऊ द्यायची. पावडर सांडली तर गरम पाणी नको, ती वितळून चिकटते. थंड ओल्या फडक्याने टिपायची. एवढं कंपनीही सांगते. काकांचं स्वतःचं एक कलम जादा होतं: दर शनिवारी प्रत्येकाची कूस बदलायची.

फळ्यांवर ठेवलेले होते ते मुदतीतले. मुदत संपली की त्याला खाट मिळायची.

तसल्या जुन्या मशीन अजून चालवणारे लोक मुंबईत आहेत. कुठली धर्मादाय संस्था, कुठला छोटा वकील. त्यांना कुठूनतरी कळायचं आणि ते घोडपदेवला यायचे. काका टोनर फुकट द्यायचे, पण आधी स्थळ बघायला जायचे. थट्टा नाही. इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. एकदा लालबागच्या एका दवाखान्यातून मागणी आली तेव्हा मला बरोबर नेलं होतं, कारण "बाईमाणसाच्या नजरेला घर लवकर कळतं." या वाक्यावर मी त्यांना रस्ताभर भाषण दिलं. ते शांतपणे "होय, होय" करत राहिले आणि दवाखान्यात शिरल्याबरोबर माझ्या कानाशी म्हणाले, "कपाट बघ. कपाटाच्या पाठीमागे काय आहे ते बघ."

दवाखान्याच्या मॅनेजरने चहा मागवला. काकांनी तो घेतला नाही. उठून त्यांनी कपाटाच्या बाजूला तळहात टेकवला आणि डोळे मिटले, जसा ताप बघतात तसा.

"दुपारी ऊन इथे येतं?"

"येतं थोडं. पश्चिमेची खिडकी आहे ना."

"नाही जमायचं," काका म्हणाले आणि चपला घालायला लागले.

"अहो, पडदा लावतो!"

"पडदा आज लावाल. उद्या कोणी बाई टॉवेल वाळत घालायला तो काढील. मी काय रोज बघायला येणार?"

पडदा खिळे ठोकून बसवल्यावर टोनर मिळाला. आणि काका खरोखरच अधूनमधून जाऊन बघून यायचे. मॅनेजर त्यांना व्याही म्हणायला लागला होता.

आमच्या भाडेकरू समितीलाही अशीच एक जुनी मशीन मिळाली होती, त्यामुळे आमची पत्रकं काकांच्या टोनरवर निघायची. पत्रकं मी लिहायचे. आमच्या घरात पत्रकं हाच धडा होता. बाबा गिरणीत असल्यापासून रात्रीच्या रात्री खळ लावून ती भिंतींवर चिकटवत आलेले. "आधी नोंदणीकृत करार, मगच खोली खाली!" हा मथळा मी पानाच्या अर्ध्यात काळाभोर घातला होता. काकांनी तो कागद उजेडाकडे धरला.

"एवढं काळं कशाला?"

"लोकांना दिसायला हवं, काका. अन्याय आहे हा!"

"अन्याय पातळ अक्षरात घातलास तर कमी होतो?"

मी टाइप पातळ केला. टोनर त्यांचा होता.

इथवरचं सगळं हसण्यासारखं आहे आणि चाळ हसायचीच. पण आमची आणि त्यांची भिंत एक होती. शनिवारी दुपारी, चाळ जेवून सुस्तावली की भिंतीतून आवाज यायचा. सर्र. मग थोडा वेळ काही नाही. पुन्हा सर्र. डबा कलला की आतली पावडर सरकायची, तो आवाज. आणि त्याच्या जोडीला काकांचं बोलणं. आमच्याशी ते ऑफिसातली मराठी बोलत. भिंतीपलीकडे मालवणी असे, आणि इतकं खालच्या पट्टीतलं की कान देऊन ऐकावं लागे.

"झाला, झाला. आता ह्या कुशीर. उगी रव."

मग थांबायचे. तेवढ्या वेळात कोणीतरी उत्तर दिल्यासारखे ते पुढे म्हणायचे, "होय रे, ठाऊक आसा माका."

आई त्या वेळी मुद्दाम भांडी घासायला घ्यायची.

एकदा दुपारी वीज गेलेली होती. संध्याकाळच्या सभेसाठी पत्रक छापायचं होतं आणि मशीनमधला टोनर फिकट पडायला लागला होता. वीज आली की लगेच छपाईला लागू, म्हणून मी टोनर मागायला गेले. दार लोटलेलं होतं. आत काळोख, आणि पंखा बंद असल्यामुळे एक जाड, थंड शांतता. डोळे सरावायला वेळ लागला. काका खाटेवर वाकलेले होते. दोन्ही हात कोपरापर्यंत चादरीखाली. एक हात डोक्याच्या बाजूला, एक गुडघ्याच्या. आणि चादरीखालचा तो आकार सबंधच्या सबंध, एका अंगाने, सावकाश वळला.

मी एक पाऊल मागे सरकले. पायाखाली फरशी वाजली असेल. काकांनी मान वर केली. ते माझ्याकडे बघत होते, पण मला बघत नव्हते.

"डॉक्टर इले?" त्यांनी विचारलं.

त्या आवाजात इतकी आशा होती की "हो" म्हणावंसं वाटलं.

मग त्यांचा चेहरा परत आला. हात बाहेर काढून त्यांनी चादर सारखी केली. "काय गो बाय? टोनर? थांब, फळीवरचा देतो. याला उठवायला नको."

नंतर मी स्वतःला समजावलं की चादरीखाली जुनी लाकडी फळी होती आणि सगळे टोनर त्या फळीवर होते, म्हणून ते एकदम वळले. फळी होतीच, पुढे मी ती पाहिली. पण त्या दिवशी घरी आल्यावर मी दाराला कडी लावली होती, हेही खरं.

आमचा लढा आम्ही जिंकलो. करार नोंदणीकृत झाला. रे रोडजवळच्या तात्पुरत्या संक्रमण इमारतीत सगळ्यांना खोल्या मिळाल्या आणि चाळ रिकामी व्हायला लागली. समितीचे सचिव सुरेश गावडे यांचे वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून गावड्यांना तळमजल्याची, गार, उत्तरेकडची खोली. परबकाका एकटे आणि चालते-फिरते, म्हणून त्यांना सगळ्यात वरची, पत्र्याखालची.

काका नवी खोली बघायला गेले. इस्त्रीचा शर्ट घालून. मीही गेले होते. त्यांनी भिंतीला तळहात लावला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. मग वर पत्र्याकडे बघत राहिले.

"हय मरतले," ते म्हणाले. इथे मरतील.

आणि घोडपदेवला परत येऊन बसले. चाळ जवळजवळ रिकामी झाली, दिवे काढून नेले, नळ बंद झाले, तरी त्या मागच्या खोलीचं दार लावलेलं आणि आत परबकाका. शेवटचा एक माणूस निघेपर्यंत इमारत पाडता येत नव्हती. आणि इमारत पडेपर्यंत नवीन उभी राहणार नव्हती.

मला आधी फार आनंद झाला. लोकांना वाटलं तरी मला वाटलं नाही की हा वेडेपणा आहे. एक माणूस अख्ख्या व्यवस्थेला अडवून बसलाय, असं मी एक पत्रकसुद्धा मनात लिहून काढलं. काकांना ते ऐकवलं तर म्हणाले, "अडवायचं काही नाही गो. यांना गार जागा दिली तर मी आता निघतो."

गावडेही अजून चाळीतच होते, कारण वडिलांना हलवायला स्ट्रेचर आणि माणसं मिळायची होती. त्यातच त्यांच्या खोलीत छताचा मोठा पोपडा पडला, म्हाताऱ्याच्या उशीपासून वीतभर अंतरावर. सुरेशदादा तसेच, डोक्यात सिमेंटची धूळ घेऊन, परबकाकांच्या दारात आले. मागून मी; गावड्यांची बांधाबांध करायला मी आले होते.

"परब, उद्या आम्ही निघतोय. उद्याच्या उद्या तुम्हीपण खाली करायचं. तुमच्या या डब्यांपायी आमच्या म्हाताऱ्याला नवीन घर बघायला मिळणार नाही!"

"डबे म्हणू नको, सुरेश."

"डबेच आहेत ते! काळी पावडर भरलेले डबे! मेलेल्यांची राखण करत बसलाय तुम्ही, आणि तिथे माझा बाप जिवंतपणी कुजतोय, पाठीला जखमा झाल्यात त्याच्या."

रिकाम्या चाळीत ते वाक्य जिन्यापर्यंत जाऊन परत आलं. मला वाटलं आता मारामारी होणार. परबकाका उभे राहिले होते, पण त्यांचं लक्ष रागावर नव्हतंच.

"पाठीला?" ते म्हणाले. "कुशीवर नाही ठेवत?"

"ठेवू देतो कुठे? हात लावला की किंचाळतो. बायको रडते, मी बाहेर जातो. दिवसचे दिवस पाठीवरच."

काका खाली बसले. बराच वेळ ते खाटेकडे बघत होते. चादरीखालचा तो तब्येतीने बरा, थंडाव्यात ठेवलेला, दर शनिवारी कूस बदललेला माणूस. आणि तीन खोल्या सोडून किंचाळणारा दुसरा.

सुरेशदादांचा आवाज उतरला. "परब, आमची खोली गार आहे. बाबांच्या खाटेखाली जागा आहे मोकळी. तिथे ठेवा तुमचे... ते. मी कोणाला हात लावू देणार नाही. पण चला."

"स्थळ बघायला हवं," काका पुटपुटले. पण उठले आणि खोकी शोधायला लागले.

बांधाबांध मी आणि बाबांनी केली. म्हणजे आम्ही दोऱ्या बांधल्या. टोनरना हात काकांनीच लावला. सगळं निघाल्यावर मी खिडकीवरचा काळा कागद ओरबाडायला घेतला. नव्या खोलीतही लावता येईल असं मनात होतं. कागद जुना, थरांवर थर, आतला थर तर वर्तमानपत्राचा, पिवळा पडून भुगा झालेला.

"काका, हा टोनर यायच्या आधीपासूनचा दिसतो."

"तातूच्या डोळ्यांना उजेड सोसायचा नाही," ते म्हणाले. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

तातू कोण, ते बाबांनी मला जिन्यापाशी नेऊन सांगितलं. ही खोली तातूची. गावाहून आलेली पोरं तिथे पाळीपाळीने झोपायची, तसाच परबही आला, शाळकरी वयात. नात्यातला नव्हे, वाडीतलासुद्धा नव्हे. तातूने त्याला झोपायला जागा दिली, रात्रशाळेत घातलं. बाकीची पोरं लग्नं करून पांगली. गिरणी बंद झाली आणि तातूला अर्धांगवायू झाला, तेव्हा खोलीत परब एकटाच राहिला होता. स्टोअरकीपरला वेळेवर घरी सुटता येतं म्हणून त्याने बढतीची दुसरी कुठली जागा घेतली नाही. वर्षानुवर्षं रात्रीत कितीदा उठून तो तातूची कूस बदलायचा. "तातू गेला तेव्हा तू पाळण्यात होतीस," बाबा म्हणाले. "पाठीवर एक ओरखडा नव्हता त्याच्या. आंघोळ घालताना आम्ही सगळ्यांनी बघितलं. परब त्यानंतरही रात्री उठायचा. भिंतीतून ऐकू यायचं. आम्हाला वाटलं, जाईल सवय."

रे रोडला आल्यावर पहिल्याच शनिवारी काका गावड्यांकडे खाली आले. मी तेव्हा स्मितावहिनींकडे, म्हणजे सुरेशदादांच्या बायकोकडे बसले होते. वहिनींनी चहाचं आधण ठेवलं होतं. काकांनी भिंतीला तळहात लावला, मान हलवली. स्थळ पसंत पडलं. मग खाटेखालची खोकी ओढायला गुडघ्यांवर बसले, आणि वर गावडेआजोबा कण्हले.

काका बसल्या जागीच थांबले. मग उठले. मोरीत जाऊन हात धुतले, पुसले आणि तळवे एकमेकांवर घासत राहिले, ऊब येईपर्यंत. वहिनी म्हणाल्या, "नका काका, ओरडतील." ते त्यांना ऐकू आलं की नाही कोण जाणे. त्यांनी एक हात खांद्याखाली घातला, एक गुडघ्याखाली, आणि डोळे मिटून घेतले. मी पाहिलेला तोच आकार पुन्हा एका अंगाने, सावकाश वळला. खोलीत आवाजच झाला नाही. आजोबा किंचाळले नाहीत. पाठीशी उशी लागली, गुडघ्यांच्या मधे घडी केलेलं फडकं आलं, ते कधी आणि कुठून, आम्हाला कळलं नाही.

आजोबांनी डोळे उघडले. "भिकू?" त्यांनी विचारलं.

"त्यांचा भाऊ," वहिनी माझ्या कानात म्हणाल्या. "कधीच वारला, गावी."

"होय," परबकाका म्हणाले. "नीज आता."

आजोबा झोपले. काका थोडा वेळ श्वास ऐकत उभे होते. मग चपला घालून दारात गेले.

"काका, टोनर राहिले," वहिनी म्हणाल्या. "आज शनिवार ना?"

"तेंका काय धाड भरता?" काका म्हणाले. उंबऱ्यावर एक पाय आत, एक बाहेर. अख्ख्या मुंबईची कपाटं तपासणारा तो माणूस, पहिल्यांदाच कोणाच्या तरी दारात अवघडून उभा होता. "पोरी, ह्येका रात्रीचापण कुशीर परतूक लागतला. मी येऊ?"

 वहिनींनी आधणात आणखी एक कप पाणी ओतलं आणि दाराजवळचं स्टूल पुसून खाटेशी नेऊन ठेवलं.